शिशाचा ससाणा

1530 साली सम्राट पाचव्या चार्ल्सनं माल्टा बेट सेंट जॉनच्या नाइटांना देऊन टाकलं. तुर्कांनी ऱ्होड्सवरून हुसकावल्यापासून हे धर्मयोद्धे बेघर हिंडत होते. बेटाचा खंड ठरला वर्षाला एक ससाणा, तोही जिवंत, सिसिलीच्या व्हाइसरॉयकडे पोचता करायचा. अख्ख्या बेटाला एक पाखरू!

चारशे वर्षांनी हे पाखरू डॅशिएल हॅमेटनं उचललं. हॅमेट पिंकर्टन एजन्सीतला माजी गुप्तहेर. लोकांवर पाळत ठेवायची, दिसलं तेवढंच कळवायचं, ही त्याची नोकरी होती. क्षयानं ती सुटली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्ट स्ट्रीटवरच्या लहानशा घरात तो रहस्यकथा लिहू लागला. 'ब्लॅक मास्क' मासिकातून क्रमशः आलेली 'द माल्टीज फाल्कन' 1930 मध्ये पुस्तकरूपात निघाली. तीत जिवंत पक्ष्याची रत्नजडित सोन्याची मूर्ती झाली होती, सोनं लपावं म्हणून काळ्या रंगाचा लेप दिलेली. ही भर हॅमेटची, इतिहासाची नाही.

पण त्याची खरी करामत मला दुसरीच वाटते. कुणाच्या मनात काय चाललंय, हे तो सांगतच नाही. भागीदाराचा खून झाल्याचा फोन येतो आणि कादंबरीचा नायक, गुप्तहेर सॅम स्पेड सिगारेट वळायला बसतो. कागद, तंबाखू, बोटांची हालचाल, सगळं बारकाईनं येतं. दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं, ते वाचकानंच ताडायचं. पाळतीवरच्या माणसाचा अहवाल असाच असणार.

वॉर्नर ब्रदर्सनं हे पुस्तक तीनदा पडद्यावर आणलं. 1931 चा पहिला प्रयत्न आज फारसा कुणाला आठवत नाही. 1936 मध्ये तर ससाण्याच्या जागी चक्क शिंग आलं. त्यावर न बोललेलं बरं. तिसरा प्रयत्न 1941 चा. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, चित्रपट पहिलाच. जॉर्ज राफ्टनं नकार दिला म्हणून स्पेडची भूमिका हम्फ्री बोगार्टकडे आली. ह्यूस्टननं संवाद बव्हंशी पुस्तकातलेच ठेवले आणि कॅमेराही जवळपास सगळा वेळ स्पेडच्या सोबत. त्याला ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

टेबलावर गाठोडं येतं. दोऱ्या सुटतात, वेष्टण निघतं, काळा पक्षी उभा राहतो. सतरा वर्षं त्यामागे धावलेला गटमन खिशातला चाकू काढून लेप खरवडू लागतो. गटमन झालेला सिडनी ग्रीनस्ट्रीट तेव्हा 61 वर्षांचा, आयुष्य रंगभूमीवर गेलेलं, पडद्यावर पहिल्यांदाच. आधी हात हळूच चालतो, मग वेड्यासारखा. सोनं नाहीच. शिसं! क्षणभर तो स्थूल देह थरथरतो. मग माणूस सावरतो, हसतो आणि पुन्हा इस्तंबूलला निघायची भाषा करतो. खुनी कोण हे आधीच ठाऊक असूनही मी हा चित्रपट परत परत लावतो, तो या हसण्यासाठी.

या जातीच्या चित्रपटांना नाव मिळालं ते पाच वर्षांनी आणि पॅरिसमध्ये. युद्धकाळात अडलेले अमेरिकन चित्रपट 1946 च्या उन्हाळ्यात तिथे एकदमच लागले. समीक्षक नीनो फ्रँकनं त्यांतल्या काहींवर लिहिताना 'फिल्म न्वार' हा शब्द वापरला. ह्यूस्टननं मात्र आपल्या समजुतीनं साधा गुप्तहेरपट केला होता.

चित्रीकरणासाठीची एक मूर्ती खरोखरच शिशाची होती, फूटभर उंच आणि वीसेक किलो वजनाची. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती 40 लाख डॉलरच्या वर गेली. गटमनला हे कळायला हवं होतं.

सॅन फ्रान्सिस्कोत जॉन्स ग्रिल नावाचं जुनं रेस्टॉरंट आहे. कादंबरीतला स्पेड तिथे चॉप्स खातो, म्हणून त्यांनीही काचेच्या कपाटात एक ससाणा ठेवला होता. तो नकलेचीही नक्कल. 2007 च्या फेब्रुवारीत तोसुद्धा चोरीला गेला.