डाव्या बगलेचा बंद

आमच्या मालवणच्या घरी दिवाळीत विहिरीजवळ किल्ला होतो आणि तो सिंधुदुर्गच असावा लागतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला गेला, तो किल्ला पडवीतून दिसत असताना मुले रायगड कशाला करतील? गेल्या वर्षी भाच्याने हट्ट धरला, की बाजारातले मातीचे महाराज नकोत. मावशीने बाहुल्याला खरे कपडे शिवावेत. शिवाय शाळेतल्या नाटकासाठी तसाच पोशाख त्याच्या स्वतःच्या अंगाचाही हवा!

झाले, चित्र शोधणे आले. आणि चित्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी शिवाजी महाराजांचे खरे चित्र पुढे आणीपर्यंत महाराज म्हणून घरोघर ज्याला हार घातला जाई, तो कोणी इब्राहिमखान होता! मी आधार घेतला अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधल्या सतराव्या शतकातील चित्राचा: दाढी, मंदील, त्यावर तुरा, अंगात जामा.

बाहुला वीतभर. माणूस लहान करता येतो, सूत लहान होत नाही. मऊ मलमल घेतली, तरी जाम्याचा घेर छत्रीसारखा उभा राहिला. शेवटी कापड भिजवून चुण्या बोटांनी बसवल्या, वरून दोरा गुंडाळला आणि रात्रभर वाळू दिले. शेल्याचा काठ म्हणजे जुन्या पैठणीतले जरीचे दोन धागे. मोठ्या जाम्याची अडचण निराळी. चित्रात पाठ दिसत नाही. मुलाला ती असते.

दोन्ही जामे तयार झाले आणि माझी चूक दिसली. बंद डाव्या बगलेत हवेत हे मला पक्के ठाऊक होते. पण बाहुला तोंडासमोर धरलेला, तेव्हा माझी डावी बाजू ती त्याची उजवी! आणि त्याच्यावरून मोठाही बेतलेला. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पूर्वी डावीकडे बांधला जाणारा हिंदुस्थानी अंगरखा अकबराने उजवीकडे बांधायला लावला, असे अबुल फझल ‘ऐने-अकबरी’त लिहितो. पुढे मुसलमानांचा बंद उजवीकडे, हिंदूंचा डावीकडे, असा रिवाज पडला. दुसऱ्या इब्राहिमखानाला मीच जन्म देत होते. दोन्ही जामे उसवले.

मंदील बांधण्याआधी आम्ही होडीने किल्ल्यात गेलो. तिथले शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९५ साली बांधले गेले असे सांगतात. मूर्तीवर एरवी चांदीचा मुखवटा असतो. त्या सकाळी पूजेसाठी तो उतरवला होता. वीरासनातली पाषाणमूर्ती, दाढी नाही, आणि डोक्यावर आमच्या नाखव्यांची असते तशी टोपी.

भाच्याने खिशातला बाहुला काढला. एकदा मूर्तीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

नाटकापुरता दाढी-मंदिलाचा थाट राहिला. बाहुल्याची दाढी मात्र त्याने बाहेर पायरीवर बसूनच खुडली. आणि टोपीसाठी परतीच्या होडीत मी माझ्या रुमालाचा कोपरा कापला.