विकत घेतलेला फोन कोणाचा?

शिक्षकांच्या एका शिबिरात चहाच्या वेळी एका बाईंनी आम्हाला आपली हकिकत सांगितली. त्यांच्या शाळेतील नववीच्या एका मुलाने पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी ठेवणारे लहानसे अ‍ॅप तयार केले होते. बाईंना ते आपल्या फोनवर हवे होते. पण त्यांच्या महागड्या फोनने ते घेतलेच नाही. अ‍ॅप कंपनीच्या दुकानातून आलेले नाही, एवढेच त्याचे म्हणणे. मुलाच्या वडिलांच्या स्वस्त फोनवर मात्र तेच अ‍ॅप दोन मिनिटांत चालू झाले. पुढच्या दिवाळीत बाईंनी फोनची जात बदलली. "पैसे मी मोजले, मग आत काय ठेवायचे ते ठरवणारे हे कोण?" असा त्यांचा सवाल होता.

सवाल नवा वाटतो, पण तो जुना आहे. अमेरिकेत सुमारे सत्तर वर्षांपूर्वी तो न्यायालयासमोर आला होता, आणि तोही फोनच्याच संदर्भात. फोन बदलताना आपण नेमके काय बदलतो हे समजून घ्यायचे, तर सुरुवात तेथूनच करावी लागेल.

एका पेल्याचा खटला

त्या काळी अमेरिकेतील बहुतेक दूरध्वनी व्यवस्था 'एटी अँड टी' या एकाच कंपनीच्या हाती होती. तारा कंपनीच्या आणि घरातले यंत्रही कंपनीचेच. ग्राहक त्याचे भाडे भरत असे. कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू त्या यंत्राला जोडायची नाही, असा नियम होता. आपल्याकडचा तार खात्याचा काळा फोन ज्यांना आठवतो, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

'हश-अ-फोन' नावाची एक साधी वस्तू तेथे १९२१ पासून विकली जात होती. फोनच्या बोलण्याच्या बाजूला बसवायचा हा पेल्यासारखा भाग. त्यात बोलले की शेजारच्याला ऐकू जात नसे. त्यात ना तार, ना वीज. तरीही कंपनीने हरकत घेतली आणि १९५५ साली सरकारी दूरसंचार आयोगाने कंपनीची बाजू उचलून धरली. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. हाताची ओंजळ फोनसमोर धरून बोलले तर चालते, मग पेला बसवला तर काय बिघडले, असा त्या निकालाचा आशय होता. इतरांना अपाय होत नसेल, तर आपल्या सोयीसाठी फोन कसा वापरावा हे ग्राहकाने ठरवावे, हे तत्त्व त्या पेल्यामुळे मान्य झाले.

त्यानंतर आला कार्टरफोन. टेक्सासमधील टॉम कार्टर यांनी १९५९ पासून विकलेल्या या उपकरणात फोनचा रिसीव्हर ठेवला की दूर रानात असलेल्या माणसाचा रेडिओवरचा आवाज फोनमध्ये आणि फोनमधला आवाज रेडिओवर जात असे. विजेची जोडणी मुळीच नव्हती, जोडणी होती फक्त ध्वनीची. १९६६ पर्यंत सुमारे ३,५०० कार्टरफोन विकले गेले. कंपनीने याही वेळी हरकत घेतली. जाळ्याला धोका पोचेल, हे तिचे कारण होते. १९६८ साली आयोगाने ते अमान्य केले. जाळ्याला खरोखर अपाय होत नसेल तर बाहेरचे उपकरण जोडू द्यावे, असा निर्णय झाला.

भीती खरी, उपाय वेगळा

येथे थोडे थांबून विचार करू. कंपनीची भीती निव्वळ सबब होती का? पूर्णपणे नाही. कोणी चुकीचा विद्युतदाब तारेत सोडला, तर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून सुरुवातीला कंपनीने स्वतःची एक संरक्षक पेटी मध्ये बसवण्याची अट घातली, आणि त्या पेटीचे भाडे ग्राहकाकडून घेतले.

खरा तोडगा निघाला तो १९७५ नंतरच्या काही वर्षांत. आयोगाने तांत्रिक मर्यादा लिहून काढल्या. अमुक इतक्याच दाबाचा, अमुक इतक्याच तीव्रतेचा संदेश तारेत जावा, आणि जोडणी ठरलेल्या आकाराच्या खटक्याच्या प्लगनेच व्हावी. या मर्यादेत बसणारे उपकरण कोणीही बनवावे आणि कोणीही जोडावे. याचा परिणाम दूरवर झाला. त्याआधी संगणकाचा मॉडेम जोडायचा तर अनेकदा रिसीव्हर उचलून मॉडेमच्या रबरी खळग्यांत ठेवावा लागे. आता तो सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावता येऊ लागला. निरोप टिपून ठेवणारी यंत्रे, फॅक्स, घरगुती मॉडेम यांचा प्रसार या सॉकेटमुळे सोपा झाला. यातून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुरक्षितता आणि मोकळीक यांतील भांडण बंदीने सुटत नाही. ते सुटते दोघांमधली सीमा काटेकोरपणे आखल्याने.

तोच वाद, खिशात मावणारा

जानेवारी २००७ मध्ये अ‍ॅपलने आयफोन जाहीर केला आणि जूनमध्ये तो अमेरिकेत विक्रीस आला. सुरुवातीला बाहेरच्या कोणालाही त्यासाठी अ‍ॅप तयार करून फोनमध्ये बसवण्याची सोय नव्हती. एखादे अ‍ॅप बिघडले तर मोबाइलचे जाळे कोलमडेल, अशी भीती स्टीव्ह जॉब्ज यांनी बोलून दाखवली होती. वाचकांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. योगायोग असा की ज्या जाळ्यावर हा फोन चालत होता, त्याचे नावही एटी अँड टी हेच होते.

लोक थांबले नाहीत. काही आठवड्यांतच हौशी प्रोग्रामरांनी फोनच्या बंधनातून वाट काढली. या प्रकाराला 'जेलब्रेक', म्हणजे तुरुंग फोडणे, असे नाव पडले. जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅपचे दुकान उघडले, पण दुकान एकच आणि माल तपासणारीही तीच कंपनी. जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून, फोनच्या मालकाने असे जेलब्रेक करणे हा १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा भंग नाही, अशी सूट देण्यात आली.

दरम्यान दुसरी वाट तयार झाली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगल व इतर कंपन्यांनी अँड्रॉइड जाहीर केले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्यावर चालणारा पहिला फोन बाजारात आला. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे आणि त्याच्या गाभ्याचा प्रोग्राम कोणालाही वाचायला, बदलायला खुला ठेवला आहे. पडद्याची मांडणी, कळफलक, संदेशांचे अ‍ॅप असे पुष्कळ काही बदलता येते, आणि दुकानाबाहेरून आलेले अ‍ॅपही घालता येते.

मग जाळ्याचे आणि आपल्या माहितीचे रक्षण कसे होते? येथेही सीमा आखूनच. लिनक्स मुळात एकाच संगणकावर अनेक माणसांनी काम करावे या धर्तीची प्रणाली. अँड्रॉइडने प्रत्येक अ‍ॅपला एक स्वतंत्र माणूस मानले. वसतिगृहात प्रत्येकाला स्वतःची खोली असते आणि दुसऱ्याच्या खोलीत परवानगीशिवाय जाता येत नाही, तसेच हे. कॅमेरा, संपर्क, ठिकाण यांच्या किल्ल्या मागितल्या की देणे न देणे आपल्या हाती. आयफोनमध्येही अशा खोल्या आहेत. फरक एवढाच की तेथे वसतिगृहाच्या फाटकावरचा पहारा अधिक कडक.

मराठी कळफलकाची गोष्ट

या मोकळिकीचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या 'स्वरचक्र' या कळफलकाचे उदाहरण घ्या. यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. 'क' वर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते आणि बोट सरकवले की अक्षर तयार. बाराखडी शिकलेल्या माणसाला वेगळे शिकावे लागत नाही. २०१३ साली हा कळफलक अँड्रॉइडवर आला. त्या वेळी आयफोनवर बाहेरच्यांनी केलेला कळफलक सर्व अ‍ॅपमध्ये वापरण्याची सोयच नव्हती. ती मिळाली सप्टेंबर २०१४ मध्ये. आपल्या लिपीला सोयीचा कळफलक कसा असावा हे दूरच्या कंपनीने ठरवायचे की आपण, हा प्रश्न शोभेचा नाही.

उघडे दारही कोणाच्या तरी भिंतीत

असे असले तरी बाईंचा नवा फोन सर्वस्वी त्यांचाच झाला, असे म्हणता येत नाही. फोन चालू होताना एक छोटा प्रोग्राम सर्वांत आधी जागा होतो आणि पुढच्या प्रणालीवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासतो. ही तपासणी सैल करू देणे न देणे निर्मात्याच्या मर्जीवर असते. ती सैल केली, तर फोनमधली माहिती सहसा पुसली जाते. चोराला याच वाटेने आत शिरता येऊ नये म्हणून ही तजवीज. २००९ साली सुरू झालेल्या 'सायनोजेनमॉड' या हौशी प्रणालीलाही गूगलकडून नोटीस आली होती. गाभा खुला होता, पण त्याबरोबर दिलेली गूगलची स्वतःची अ‍ॅप खुली नव्हती. हौशी मंडळींनी ती अ‍ॅप वगळून काम पुढे नेले. आज 'लिनिएजओएस' हा त्याचाच वारसा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांवर गूगलची सर्व अ‍ॅप एकगठ्ठा घेण्याची सक्ती होते, हे त्यामागचे एक कारण होते. उलट आयफोनचे फाटक थोडे किलकिले झाले. २०२० मध्ये मुख्य पडद्यावर चौकटी मांडता येऊ लागल्या, आणि मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या कायद्यामुळे तेथे दुसऱ्यांची अ‍ॅप-दुकानेही आली. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की अँड्रॉइडवर दुकानाबाहेरची अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही, काही देशांपासून सुरुवात करून, आपली ओळख पटवून द्यावी लागेल. फसव्या अ‍ॅपना आळा घालणे हे कारण दिले गेले. त्यावर टीका झाली, तेव्हा विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळी सोय, आणि जाणत्यांना धोका पत्करून पुढे जाण्याची वाट ठेवू, असेही सांगण्यात आले. पर्जन्यमापकाच्या अ‍ॅपचा तो नववीतला कर्ता या चर्चेत कोठे बसतो, हे वाचकांनीच पाहावे.

फसव्या अ‍ॅपची भीती खरी आहे. आपल्याकडे खोट्या बँकेच्या नावाने आलेले अ‍ॅप घालून पैसे गमावलेली माणसे आहेत. म्हणून दार उघडे हवे म्हणणाऱ्याने दारात कोण उभा आहे हे पाहण्याची सवयही लावून घ्यावी लागते. फोन बदलल्याने अधिकार वाढतो, तशी जबाबदारीही वाढते.

शिक्षकांना आम्ही एक तासिका सुचवतो. विद्यार्थ्यांना घरच्या फोनमध्ये बदलता येणाऱ्या पाच आणि न बदलता येणाऱ्या पाच गोष्टींची यादी करू द्या. न बदलता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे कारण लिहायला सांगा: निसर्गाचा नियम, कायद्याचा नियम, की कंपनीचा नियम? पहिला बदलत नाही. दुसरा लोक बदलू शकतात. तिसरा बदलायला कधी एक साधा पेलाही पुरतो, हे आपण पाहिलेच.