पुलंचं बेळगाव : आरपीडीच्या वर्गापासून आकाशवाणीच्या माइकपर्यंत

टिळकवाडीतल्या आरपीडी चौकात दिवसभर माणसांची वर्दळ असते. चौकाला ज्या कॉलेजामुळे हे नाव मिळालं, त्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात एकेकाळी पु. ल. देशपांडे मराठीचे प्राध्यापक होते. जुन्या बेळगावकरांना हे ठाऊक आहे. नव्या पिढीला मात्र पुलं म्हटलं की पार्ले आणि पुणे एवढंच आठवतं. प्रत्यक्षात त्यांच्या घराण्याचं मूळ, शिक्षण, नोकरी आणि लेखन यांतले बरेच धागे सीमाभागाशी आणि त्याच्या आसपासच्या गावांशी जोडलेले आहेत.

मूळ गाव चंदगड तालुक्यात

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 रोजी मुंबईत झाला. देशपांडे घराण्याचं मूळ गाव मात्र चंदगड तालुक्यातलं जंगमहट्टी. हा तालुका आज कोल्हापूर जिल्ह्यात असला, तरी तिथल्या लोकांचा बाजार, दवाखाना, कॉलेज हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या बेळगावातच. पुलंचे आईकडचे आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ त्यांनी अभंगरूपात मराठीत आणली होती. नातवाने पुढे उतारवयाकडे झुकताना बंगाली शिकायला घेतली आणि शांतिनिकेतनात जाऊन राहिला, त्याची सुरुवात घरातच झाली होती असं म्हणायला हरकत नाही.

शाळा पार्ले टिळक विद्यालय. पुढे मुंबईचं इस्माईल युसुफ कॉलेज, पुण्याचं फर्ग्युसन आणि एम. ए. साठी सांगलीचं विलिंग्डन. पण शिक्षण सलग झालं नाही. मधल्या काळात पेट्रोल रेशनिंगच्या ऑफिसात कारकुनी केली, गाण्याच्या शिकवण्या घेतल्या, पेटीची साथ केली. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. तिथेच सुनीता ठाकूर यांच्याशी ओळख झाली आणि 12 जून 1946 रोजी दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं.

सीमा नसतानाचं बेळगाव

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पुलं बेळगावात शिकवायला आले, तेव्हा सीमाप्रश्न आजच्या रूपात उभाच नव्हता. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. मुंबईहून बेळगावला नोकरीला येणं म्हणजे राज्य ओलांडणं नव्हे, साधं गाव बदलणं होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीसह हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तोवर पुलं बेळगाव सोडून मुंबईच्या कीर्ती कॉलेजात जाऊन, तिथून आकाशवाणीतही पोचले होते.

बेळगावात त्यांचा मुक्काम लांबला नाही. पण त्या शहराने त्यांना एक असं माणूस दिलं, जे मराठी वाचकाच्या कायमचं लक्षात राहिलं. ‘गणगोत’मधले रावसाहेब म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर. नाटक आणि गाण्याचे दर्दी, तोंडाने फटकळ, वाक्यागणिक शिवी आणि आत लोण्यासारखं मन. रावसाहेबांची भाषा ही अस्सल बेळगावी, म्हणजे कानडीच्या अंगाने चालणारी मराठी. कानडीत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, सगळ्या वस्तू नपुंसकलिंगीच. त्यामुळे कानडी वळणाचा माणूस मराठी बोलायला लागला की ‘तो, ती, ते’ची सरमिसळ होते. पुण्या-मुंबईत या बोलीला हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पुलंनी वाचकाला हसवलं ते माणसाच्या प्रेमात पाडून. रावसाहेबांचं कथन ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, ते त्या बोलीसकट. सीमाभागातल्या बोलीला मराठी साहित्यात मानाची जागा मिळाली त्यात या लेखाचा वाटा मोठा आहे.

वर्ग सुटला, आवाज राहिला

1955 मध्ये पुलं आकाशवाणीत रुजू झाले. शिकवणं, लिहिणं, गाणं, अभिनय या सगळ्यांचा तिथे एकत्र उपयोग होता. त्याआधी 1953 मध्ये ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटात कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असा बहुतेक सगळा भार त्यांनीच उचलला होता. त्यातला इंद्रायणीकाठचा अभंग पुलंच्या चालीवर भीमसेन जोशींनी गायला. भीमसेन गदग भागातले, तर पुलंचे जिवलग मित्र कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांवरही पुलंनी जीव लावून लिहिलं. कानडी मुलखातल्या गवयांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, त्यात पुलंसारख्या रसिकांची मोठी कामगिरी आहे.

1958 मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते बीबीसीत प्रशिक्षणाला गेले. त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ आलं. 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांत पुलं होते. दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेणारे म्हणूनही त्यांचंच नाव सांगितलं जातं. पुढे सरकारी नोकरी सोडून ते ‘बटाट्याची चाळ’चा एकपात्री प्रयोग घेऊन उभे राहिले. समोर वर्ग असो, माइक असो की भरलेलं नाट्यगृह, हत्यार एकच होतं, बोलता आवाज.

निपाणीच्या उंबऱ्यावर

1974 मध्ये इचलकरंजीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष पुलं होते. इचलकरंजी निपाणीपासून जवळ, पण मधे राज्याची हद्द. एकेकाळी बेळगावात मराठी शिकवणारा प्राध्यापक आता हद्दीच्या अलीकडे मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर बसला होता.

12 जून 2000 रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, पुण्यात पुलंचं निधन झालं. सीमाप्रश्न आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण रावसाहेबांची मराठी चुकीची नाही, ती बेळगावची आहे, हा निकाल पुलंनी केव्हाच देऊन ठेवला आहे. निपाणी-बेळगावच्या पोरांनी पुण्यात शिकायला गेल्यावर आपली बोली लपवायचं कारण नाही.

एका नजरेत

जन्म : 8 नोव्हेंबर 1919, मुंबई
मूळ गाव : जंगमहट्टी, ता. चंदगड
अध्यापन : ओरिएंट हायस्कूल (मुंबई), राणी पार्वतीदेवी महाविद्यालय (बेळगाव), कीर्ती कॉलेज (मुंबई)
प्रसारण : आकाशवाणी (1955 पासून), त्यानंतर दिल्ली दूरदर्शन
मानसन्मान : साहित्य अकादमी पुरस्कार (1965, ‘व्यक्ती आणि वल्ली’), पद्मश्री (1966), पद्मभूषण (1990)
निधन : 12 जून 2000, पुणे