केलेली वसीयत रद्द करता येते का?

होय. वसीयत करणारा हयात असेपर्यंत ती कधीही रद्द करू शकतो, मग ती नोंदणी केलेली का असेना. वारसांची परवानगी लागत नाही.

मुस्लिम कायद्यात तोंडी सांगूनही वसीयत रद्द होते. वसीयतीतली जमीन विकली, हिबा केली किंवा रिकाम्या प्लॉटवर घर बांधले, तर तेवढ्यापुरती ती आपोआप संपते. तीच मालमत्ता नंतरच्या वसीयतीत दुसऱ्याला दिली, तर पहिली रद्द.

पण अब्बांच्या इंतकालनंतर तोंडी शब्द शाबीत कोण करणार? भावंडे कोर्टात उभी राहतात. म्हणून आम्ही सांगू, इरादा बदलला की तारखेसह लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवा.