मिथेनॉल : दारूतील विष उशिरा का भिनते?

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लाकुरिची येथे साठांहून अधिक. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते : दारूत मिसळलेले मिथेनॉल.

कार्बनच्या अणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा हायड्रॉक्सिल गट जोडलेल्या सेंद्रिय संयुगांना रसायनशास्त्रात अल्कोहोल म्हणतात. पिण्याच्या दारूतील इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे दोन अणू असतात, मिथेनॉलच्या रेणूत एकच. दोन्ही द्रव रंगहीन व पाण्यात पूर्णपणे मिसळणारे असून चव वा वास यांवरून पिणाऱ्याला भेसळ ओळखता येत नाही. गूळ आंबवून काढलेल्या दारूत मिथेनॉल अत्यल्प असते. सामूहिक मृत्यूंमागे बहुतेकदा उद्योगांसाठीचे, चोरट्या मार्गाने आणलेले मिथेनॉल असते. त्यामुळे ‘भट्टी बिघडली’ हे नेहमीचे स्पष्टीकरण क्वचितच पुरेसे ठरते.

यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर दोन्हींचे विघटन करते. इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड व पुढे ॲसिटिक आम्ल तयार होते. हा मार्गही निरुपद्रवी नाही. ॲसिटाल्डिहाइड कर्करोगाला कारणीभूत ठरते. मिथेनॉलपासून मात्र फॉर्माल्डिहाइड आणि त्यापासून फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल पेशींची ऑक्सिजन वापरण्याची क्रिया रोखते, रक्ताची आम्लता वाढवते आणि दृष्टिचेतेला इजा करते. सुमारे १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलनेही कायमचे अंधत्व येऊ शकते.

मूळ मिथेनॉलपेक्षा त्यापासून बनणारे आम्लच घातक असल्याने लक्षणे साधारणपणे १२ ते २४ तासांनी दिसतात. सोबत इथेनॉल प्यायले असल्यास त्याहूनही उशिरा. पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके ही लक्षणे अनेकदा नेहमीची नशा किंवा तिचा उतार समजली जातात. पोलिसांच्या भीतीनेही रुग्णालय गाठण्यास विलंब होतो.

उपचारात फोमेपिझोल हे औषध, ते नसल्यास वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल देतात. विकर इथेनॉलकडे अधिक ओढले जात असल्याने मिथेनॉलचे विघटन थांबते आणि डायलिसिसद्वारे ते रक्तातून काढता येते. घरी आणखी दारू पाजणे हा त्यावरील उपाय नव्हे, कारण त्या बाटलीतही मिथेनॉल असू शकते. एकाला त्रास झाल्यास त्याच ठिकाणची दारू प्यायलेल्या सर्वांची, लक्षणे नसली तरीही, तत्काळ तपासणी आवश्यक असते.