सीताबर्डीचे अठरा तास

वाशीमचे बालाजी मंदिर बांधले भवानी काळूंनी. ते नागपूरच्या भोसले घराण्यातल्या साबाजींचे दिवाण. हेच साबाजी १७७५ साली पाचगावच्या लढाईत भाऊ मुधोजींविरुद्ध लढताना मारले गेले. या दोघांचे वडील पहिल्या रघुजींनी बंगालपर्यंत चौथाई वसूल केली. त्यांच्या मुलांनी एकमेकांवर शस्त्र उपसले. या भाऊबंदकीची किंमत घराण्याने पुढे नागपुरात मोजली.

१ फेब्रुवारी १८१७
दुसऱ्या रघुजींचे आजारी, अपंग पुत्र, राजे परसोजी अंथरुणात मृत सापडले. चुलतभाऊ अप्पासाहेबांनी त्यांचा खून करवला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. गादी अप्पासाहेबांकडे आली. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी परसोजींचे कारभारी असतानाच, १८१६ मध्ये, मान्य केली होती.

२४ नोव्हेंबर
पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे अप्पासाहेबांनी दरबारात स्वीकारली. ती देणारे पेशवे बाजीराव इंग्रजांशी खडकीची लढाई हरून पुणे सोडून गेले होते. इंग्रजांच्या रेसिडेंट जेन्किन्सने दरबाराला येण्याचे नाकारले.

२५ नोव्हेंबर
शहर आणि रेसिडेन्सीचे दळणवळण बंद. इंग्रजांनी तेलंखेडीची फौज हलवून सीताबर्डीच्या दोन टेकड्या धरायला घेतल्या. त्यांच्याकडे जेमतेम दीड हजार माणसे होती. भोसल्यांची फौज त्यांच्या कितीतरी पट.

२६ नोव्हेंबर, सूर्यास्त: अठरा तास उरले
पायथ्याच्या वस्तीतून भोसल्यांच्या चाकरीतल्या अरब शिपायांनी गोळीबार सुरू केला. लहान टेकडीवर माऱ्याचा जोर जास्त होता.

मध्यरात्रीनंतर
मारा थोडा ओसरला. टेकडीवरचे शिपाई दमले होते. भोसल्यांचे संख्याबळ एकवटून वापरायची हीच वेळ होती, पण निर्णायक हल्ला झाला नाही.

२७ नोव्हेंबर, उजाडताना
तोफा पुन्हा धडाडल्या.

सकाळी नऊच्या सुमारास: तीन तास उरले
लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. त्या गोंधळात अरब धावून वर चढले, टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे फिरवली. भोसल्यांचे पारडे जड झाले ते एवढ्यापुरतेच.

त्यानंतर
कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्यांनिशी मैदानात मुसंडी मारून तोफा हिसकावल्या. टेकडीवरच्या शिपायांना हुरूप आला. अरबांच्या ताब्यातल्या तोफेजवळही स्फोट झाला आणि इंग्रजांनी लहान टेकडी परत घेतली.

दुपार
लढाई संपली. इंग्रजांचे साडेतीनशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले, तरी टेकड्या त्यांच्याकडेच राहिल्या. हल्ला आपल्या हुकमाने झाला नाही, असे अप्पासाहेब म्हणू लागले. आपल्यासाठी मेलेल्यांची जबाबदारी नाकारणारा धनी फौजेला कसा परवडणार?

१६ डिसेंबरला ते स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना कैद केले; त्याच वर्षी ते निसटले, पण गादी परत मिळाली नाही; १८४० साली जोधपुरात वारले. इंग्रजांनी तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवले. ते १८५३ मध्ये औरस पुत्राविना गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले.

सीताबर्डी इंग्रजांनी जिंकली हे खरेच. पण भावाच्या रक्तावरून गादीवर आलेल्या धन्यासाठी जीव ओवाळून टाकणारे किती उरणार होते? ते राज्य आधी घरातच हरले होते.