पथ्याचे सोबती

ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभा राहिला. छावणीबरोबर दक्षिणेतून सरदार आले, शिलेदार आले, कारकून, शास्त्री आणि आचारीही आले. आणि त्या सर्वांबरोबर महाराष्ट्राची पंगत आली. पुरणपोळी, श्रीखंड आणि बासुंदी यांनी उत्तरेच्या मुलखात येऊन तिथल्या जिलबीशी, इमरतीशी आणि थंडीतल्या तिळाच्या गजकेशी सोयरीक केली. दोन्हीकडच्या पाहुणचाराचा कळस गोडातच होता. पाहुण्याने 'पुरे' म्हणावे आणि यजमानाने आणखी एक वाढावी, ही तर या संस्कृतीची रीतच. अशा घरात ज्याला 'साखरेचा विकार' जडला, त्याची खरी परीक्षा वैद्याच्या खोलीत होत नसे. ती पाटावर बसल्यावर होत असे. नाही म्हणावे तर यजमान दुखावतो, हो म्हणावे तर देह दुखावतो.

मधुमेहाचा इतिहास बहुधा शोधकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु हा रोग औषधाच्या एका मात्रेने उठून जाणारा नव्हे. तो रोज सकाळी रुग्णाबरोबर उठतो आणि रात्री त्याच्याबरोबर निजतो. त्यामुळे त्याचा एक दुसराही इतिहास आहे. तो आहे रोग्याच्या शेजारी बसलेल्या माणसांचा, स्वयंपाक करणाऱ्या हातांचा आणि एकाने दुसऱ्याला शिकविलेल्या लहानसहान युक्त्यांचा.

या इतिहासाचे पहिले पान आपल्याच वैद्यकात आहे. मूत्राला मुंग्या लागतात ही खूण प्राचीन वैद्यांनी टिपली होती. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: एक जन्मतः येणारा, दुसरा अपथ्याने ओढवणारा, पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला स्थूल. आजचे वैद्यक मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार मानते, त्यांची अंधुक छाया या विभागणीत दिसते. सुश्रुताचा उपचारही लक्षात राहण्याजोगा आहे. ज्याच्यापाशी धन नाही आणि आप्तही नाहीत, त्याने छत्री-पादत्राणाशिवाय, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालत जावे. धनिकाने सावे-नीवारासारख्या हलक्या धान्यावर राहावे. नांगर धरणे आणि विहीर खणणे हेही उपाय त्याने सांगितले आहेत. श्रम आणि मित आहार हे तत्त्व यात आहेच. परंतु ज्याला गणगोत नाही त्याचा वेगळा विचार त्या ग्रंथकाराला करावासा वाटला, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्याचे पथ्य सांभाळायला घर नाही, त्याला रस्ताच घर करावा लागतो, हे त्याने ओळखले होते.

मराठी माणसाच्या स्मरणातले मधुमेहाचे सर्वांत ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. १९०८ च्या जुलैत त्यांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली आणि सप्टेंबरात ते मंडालेच्या तुरुंगात पोहोचले. पन्नाशी उलटलेली, मधुमेह जडलेला, मुलूख परका आणि हवा प्रतिकूल. तेव्हा या रोगावर इंजेक्शन नव्हते, गोळी नव्हती. होते ते पथ्य. टिळकांनी भात आणि गहू सोडले व सातूच्या पिठावर, दह्यावर आणि भाज्यांवर दीर्घ काळ काढला. सातू म्हणजे जव. चरकाने प्रमेही माणसाला जे मुख्य अन्न सांगितले तेच हे धान्य. त्यांचा स्वयंपाक करण्यासाठी वासुदेव रामराव कुलकर्णी हा सातारा जिल्ह्यातला एक कैदी त्यांच्याजवळ देण्यात आला होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्या'ची पाने पेन्सिलीने लिहिली गेली, त्याचा उल्लेख प्रत्येक चरित्रात येतो. परंतु त्या लिहिणाऱ्या देहाला रोजचे पथ्याचे अन्न शिजवून घालणारा एक हात होता, हे विसरून चालणार नाही. एका शिक्षा झालेल्या माणसाने दुसऱ्या शिक्षा झालेल्या माणसाचे पथ्य सांभाळले. आपापसातल्या साहाय्याचे याहून साधे चित्र कोणते असू शकेल?

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षही पुरते लोटले नाही तोच, ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडातील टोरॉन्टो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तो अर्क अशुद्ध होता आणि फारसा गुण आला नाही. कॉलिप या रसायनज्ञाने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा दिला, तेव्हा मुलाची साखर उतरली. त्यापूर्वी लहान मुलांना हा रोग म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच होती. त्यांना उपाशी ठेवून काही महिने, फार तर काही वर्षे मिळवायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरॉन्टोला आली, तेव्हा पंधराव्या वर्षी तिचे वजन सुमारे वीस किलो उरले होते. ती पुढे १९८१ पर्यंत जगली. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंगने आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लिऑडने कॉलिपला. आणि इन्शुलिनचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एक-एक डॉलर घेऊन देऊन टाकण्यात आले. औषधाच्या जन्माशीच वाटून घेण्याची ही वृत्ती जोडलेली आहे.

मात्र इन्शुलिनने रोग गेला नाही. त्याने रोग्याच्या घराचीच प्रयोगशाळा केली. सकाळी उठून काचेच्या परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात मूत्राचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. रंग निळाच राहिला तर घर सुटकेचा श्वास टाकी. हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखा लाल झाला, की कालच्या जेवणाचा हिशेब सुरू होई. काचेची पिचकारी रोज उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून पुन्हा धारदार करायची. घरातल्या कुणाला तरी टोचणे शिकावे लागे. आई मुलाला टोची, मुलगी बापाला टोची. बोस्टनचे डॉक्टर जोस्लिन यांनी १९१८ सालीच रुग्णांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहून एक गोष्ट ठसविली होती: या रोगात रोग्याला शिकविणे हा उपचाराचा एक भाग नव्हे, तो उपचारच होय. पुढे त्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन शिकविणाऱ्या परिचारिकाही तयार केल्या.

या शिकवणुकीत शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही धडा होता. इन्शुलिनची मात्रा अधिक झाली किंवा जेवणाला उशीर झाला, की रक्तातली साखर एकाएकी घसरते. हात कापतात, घाम सुटतो, जीभ अडखळते, माणूस भलतेच बोलू लागतो. रस्त्यात असे झाले तर लोक त्याला मद्यपी समजतात. म्हणून ज्याने साखर वर्ज्य करायची त्यानेच खिशात साखरेची पुडी बाळगायची, असा या रोगाचा विचित्र न्याय आहे. परंतु भान हरपत चाललेल्या माणसाला ती पुडी आठवत नाही. ती दुसऱ्यालाच आठवावी लागते. रोग लपवून ठेवणारा माणूस या क्षणी एकाकी पडतो. मुलीचे लग्न मोडेल, नोकरी जाईल, या भीतीने जे गुपित राखले जाते, त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

या एकाकीपणाविरुद्ध माणसे संघटित झाली. पोर्तुगालमध्ये डॉक्टर अर्नेस्टो रोमा यांनी १९२६ साली गरीब मधुमेह्यांसाठी संस्था काढली; या प्रकारची ती जगातली सर्वांत जुनी संस्था मानली जाते. लंडनचे डॉक्टर लॉरेन्स स्वतःच मधुमेही होते. आता फार दिवस नाहीत, असे समजून ते इटलीतील फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते; १९२३ साली इन्शुलिन मिळाल्याची तार तेथे आली आणि खंगलेल्या अवस्थेत मोटारीने युरोप ओलांडून ते परतले. वाचलेले आयुष्य त्यांनी रुग्णांसाठी खर्च केले. सुप्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स हे त्यांचे रुग्ण. या दोघांच्या पुढाकाराने १९३४ साली इंग्लंडात मधुमेह्यांची संघटना उभी राहिली, आणि १९५० साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तेव्हा लॉरेन्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. डॉक्टर व रुग्ण एकाच पंगतीला बसण्याचा हा प्रसंग होता.

शांघायची कथा तर याहूनही विलक्षण आहे. हिटलरच्या छळातून सुटून तेथे आलेल्या एव्हा साक्सल या तरुणीला परदेशातच मधुमेह जडला. १९४१ च्या डिसेंबरात जपानी सैन्याने शहर ताब्यात घेतले आणि इन्शुलिन मिळेनासे झाले. तिने व तिचा पती व्हिक्टर याने एक वैद्यकीय ग्रंथ पुढे ठेवून, एका चिनी रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत, म्हशींच्या स्वादुपिंडापासून स्वतः इन्शुलिन काढले. सशांवर त्याची परीक्षा केली. मग पहिली मात्रा एव्हाने स्वतः घेतली. रंगाने तपकिरी असलेल्या त्या औषधावर दोनशेहून अधिक मधुमेह्यांनी युद्धाचे दिवस काढले. आपल्यापुरते औषध करून दार लावून घेणे त्या दांपत्याला शक्य होते. त्यांनी दार उघडे ठेवले.

आपल्याकडे १९५५ साली मुंबईत डॉक्टर एस. एस. आजगांवकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. ग्वाल्हेरात संस्थानकाळापासून जयारोग्य रुग्णालय होते. १९४६ साली शिंदे घराण्यातील गजराराजे यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. पण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडल्यावर रोगी पुन्हा आपल्या घरी आणि आपल्या हवेत येतो. ग्वाल्हेरच्या ज्येष्ठात पारा ४५ अंशांवर जातो, आणि इन्शुलिनचा साठा तर २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो. ज्याच्या घरी शीतकपाट नाही त्याने काय करावे? उत्तर भारतीय उन्हाळ्याने याचे उत्तर आपल्या माठातूनच काढले: ओल्या वाळूत बसविलेल्या मडक्यात, पाणी न लागेल अशा डब्यात, ती बाटली ठेवायची. शीतकपाटाइतका गारवा त्याने येत नाही; परंतु उन्हाच्या तडाख्यातून औषध वाचते. आणि ज्या शेजाऱ्याच्या घरी शीतकपाट असेल त्याने लोण्याच्या भांड्याशेजारी दुसऱ्याची एक बाटली ठेवून घ्यायची, हा शेजारधर्मही त्याच उन्हाने शिकविला.

आता परीक्षानळी गेली, उकळण्याची पिचकारी गेली. बोटातल्या रक्ताचा एक थेंब क्षणात साखर सांगतो. परंतु रोग मात्र वाढला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख निघाली; त्या रोगाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक. याचा अर्थ असा की, आज कोणतीही पंगत मांडली तरी तीत एकाहून अधिक पाने पथ्याची असणार.

म्हणून ज्या पाटापासून हा विषय निघाला तेथेच तो येऊन थांबतो. आग्रह ही मराठी घराची शोभा आहे, मग ते घर पुण्यात असो की लष्करात. पण आग्रहाचा अर्थ बदलता येतो. भाजी आणखी घ्या, जेवणाची वेळ चुकवू नका, जेवल्यावर चार पावले बरोबर चालू या, असाही आग्रह करता येतो. नको म्हणणाऱ्याच्या पानात न वाढणे, आणि तो का नको म्हणतो हे चारचौघांत न विचारता ओळखणे, हाही पाहुणचारच आहे. मंडालेच्या कोठडीत सातूचे पीठ मळणाऱ्या त्या कैद्याला वैद्यकाचे ज्ञान नव्हते. आपल्या सोबत्याला काय चालते आणि काय चालत नाही, एवढेच त्याला ठाऊक होते. आणि तेवढे तो रोज करीत होता.